कुंभिवलीची पिझ्झा शाखा आणि मामाचं ‘छान’

...आणि म्हणूनच मी अजून म्हणते, जपान्यांनी पिझ्झ्यावर मासळी आणि मक्याचे दाणे घातले तेव्हाच त्या अमेरिकन कंपनीने दुकानाला कुलूप लावून परत जायला हवं होतं. मागच्या वेळी यावरून तुमच्यापैकी अर्धे लोक माझ्यावर चिडले होते. चिडा. मी मत बदललेलं नाही. उलट आता तर मी कुंभिवलीला जाऊन आलेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. माझा शशीमामा मर्चंट नेव्हीत आहे. जहाज ज्या बंदराला लागेल तिथे तो या एकाच कंपनीचा पिझ्झा शोधतो आणि मला मेन्यू कार्ड आणून देतो. ह्यूस्टनचं कार्ड माझ्या कपाटावर आहे. त्यावरचा फोटो बघून मी ऑलमोस्ट जीभ लावलेली आहे. मग योकोहामाचं, तो मासळीवाला प्रकार. सिडनीत वर अननस! म्हणजे फ्रूट सॅलड जेवणात सांडलं आणि कोणी पुसलंच नाही. कुवेतला डुकराचं मांस नाही, ते समजू शकते, पण त्या जागी जे घालतात त्याला मामासुद्धा नाव देऊ शकला नाही. प्रत्येक देशाने एक चांगली गोष्ट घ्यायची आणि तिची वाट लावायची, असा माझा त्यावरचा अभ्यास आहे. आपल्याकडे ती कंपनी आलेलीच नाही. चर्चगेटच्या एका हॉटेलात ‘पिझ्झा’ म्हणून देतात तो ब्रेडवरचा केचप मी मोजतच नाही.

अशात एप्रिलमध्ये मामाचं पोस्टकार्ड आलं. तो सुट्टीवर घरी, म्हणजे कर्जतजवळ कळंबला होता. “कंपनीची शाखा कुंभिवलीला, हायवेवर निघते आहे. मालकाने मला टेस्टिंगला बोलावलंय. येतेस?”

कुंभिवली! लंडन नाही, दिल्ली नाही, खालापूरजवळचं कुंभिवली. मी हसले, पण रविवारी सकाळी ठाण्याहून पुण्याची पॅसेंजर पकडलीच.

जाणार असाल तर एक टिप: कर्जतला गाडी थांबते, कारण घाट चढायला मागून इंजिन लावतात. तेवढ्या वेळात वडा खाऊन घ्या. मी खाल्ला नाही, पिझ्झ्यासाठी पोट रिकामं ठेवलं. इतका मूर्खपणा मी पुन्हा करणार नाही. मी कर्जतलाच उतरले. मामा एसटी स्टँडवर इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. तिथून पळसदरीवरून खोपोलीची एसटी. खिडकीची जागा घ्या, पण खिडकी बंद होत नाही हे धरून चाला. भाताच्या खाचरांत पेरणीआधीचे पालापाचोळ्याचे राब भाजून ठेवलेले, सगळीकडे काळे चौकोन, आणि ती सगळी राख माझ्या केसांत. खोपोलीहून परत मुंबईच्या दिशेने टेंपो. कारखान्यांचा आंबूस वास यायला लागला की समजायचं, जवळ आलं.

शाखा म्हणजे काय होतं? तर पत्र्याची शेड, बाहेर चार खाटा, तीन ट्रक, आणि एक ताजा रंगवलेला बोर्ड: ‘इंटरनॅशनल पिझ्झा. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, कुवेत, कुंभिवली.’ खाली बारीक अक्षरात ‘पंक्चर काढून मिळेल’.

मालक इस्माईलशेठ, पन्नाशीचे, डोक्यावर कंपनीची खरीखुरी टोपी. मी थक्क झाले. “ही कुठून आली?”

“भावाने पाठवली कुवेतवरनं. तो त्यांच्याच हॉटेलात आहे ना, चार वर्षं झाली.”

“मॅनेजर?”

“प्लेटा धुतो,” शेठ अभिमानाने म्हणाले. “सख्खा भाऊ आहे. म्हणजे आपलीच कंपनी झाली की नाही? माझे वडील पनवेलला चुलत्याच्या बेकरीत कामाला होते. नंतर आपटेकरांच्या गल्लीत त्याच नावाने वडिलांनी बेकरी टाकली. कोण विचारायला आला? घरचं नाव घरच्याने लावायचं.”

मी त्यांना फ्रँचायझी म्हणजे काय ते समजावायला लागले. मामाने माझा पाय दाबला.

आता मुख्य गोष्ट. ही शेड आधी ट्रकवाल्यांची खानावळ होती. मागच्या पडवीत मातीची मोठी दुतोंडी चूल, आणि तिच्यावर यमुनाबाई गेली कित्येक वर्षं तांदळाच्या भाकऱ्या टाकतात. शेठना तिथे पिझ्झ्याची पक्की भट्टी बांधायची होती. जागा एकच. धर्मा गवंडी विटा, सिमेंट आणि घण घेऊन सकाळपासून बसलेला. तात्पुरता पिझ्झा आडव्या केलेल्या लोखंडी पिंपात भाजायचा, मामाने चाखायचा, आणि चार देशांत खाल्लेल्या माणसाने पसंत केला की चूल पाडायची. तसं शेठनी सगळ्यांना सांगून ठेवलेलं. यमुनाबाई पदर खोचून भाकऱ्या थापत होत्या, आमच्याकडे न बघता.

“चूल गेली तर तुम्ही काय करणार?” मी विचारलं.

“पिझ्झ्याच्या ताटल्या धुवायच्या म्हनं. शेठच्या भावासारख्या,” त्या म्हणाल्या. “त्यो तरी परदेशात धुतो गं. मी हितंच.”

पिझ्झा आला. काय सांगू! खालून कोळसा, कडा बिस्किटासारख्या, आणि मधोमध पिठाचं तळं. वर केचप, कांदा, सिमला मिरची, डब्यातलं चीज. ते वितळलेलं नव्हतं, नुसतं घाबरून बसलेलं. टुटी-फ्रुटीचे लाल-हिरवे तुकडे सुद्धा होते, कारण बेकरीत वाढलेल्या शेठच्या मते गोल वस्तू म्हणजे केक. सिडनीच्या अननसाची मी मनातल्या मनात माफी मागितली.

सगळे गोळा झाले. ट्रकवाले, धर्मा, पंक्चरवाला. मामाने तुकडा तोडला. मधलं पीठ त्याच्या बोटांना चिकटून लांब लांब आलं. त्याने ते खाल्लं, गिळलं, पाणी प्यायला.

“छान,” मामा म्हणाला. “छानच आहे.”

तुम्ही माझ्या मामाला ओळखत नाही. त्याला वादळात इंजिनरूममध्ये भीती वाटत नाही, पण कोणाच्या दारात बसून, त्याच्या हातचं खाऊन, ‘चांगलं नाही’ म्हणायची वेळ आली की तो मेलाच. कळंबचे सगळे असेच. अळणी आमटीचं पण कौतुक करतात आणि घरी येऊन लोणचं चाटतात.

शेठचा चेहरा असा फुलला की बघवेना. “ऐकलं ना सगळ्यांनी? चार देश खाल्लेला माणूस आहे! धर्मा, घे घण.”

यमुनाबाईंनी परात बाजूला सरकवली. चुलीतली लाकडं बाहेर ओढली आणि पाणी मारलं. फस्स आवाज झाला. मी मामाकडे बघितलं. तो चपला बघत होता.

“थांबा!” मी म्हणाले. “हा पिझ्झा नाही. हा कच्चा पाव आहे. पोट दुखेल लोकांचं.”

शेठनी टोपी सारखी केली. “बेटा, तू कंपनीचा खाल्लायस?”

आता खोटं बोलता आलं असतं. माझ्याकडे चार मेन्यू कार्डं पाठ आहेत. पण सगळे बघत होते. “नाही,” मी म्हणाले. “एकदाही नाही.”

“मग?” शेठ मामाकडे वळले. “खाल्लेला माणूस छान म्हणतो, न खाल्लेली नको म्हणते. मी कोणाचं ऐकू?”

तेव्हा चुलीपाशी बसूनच यमुनाबाई बोलल्या. “शेठ, कच्चं वळखाया इमानात बसाया लागतं का? बोट घाला की मधी.”

एका ट्रकवाल्याने खरंच बोट घातलं आणि ते सगळ्यांना दाखवलं. लोक हसले. शेठ हसले नाहीत. मला त्या क्षणी स्वतःचा थोडा राग आला, पण पीठ कच्चं होतं ते होतंच.

“आज माज्या मान्सांना काय देऊ मंग?” यमुनाबाईंनी विझवलेल्या लाकडातलं एक कोरडं शोधलं, परत जाळ केला. भाकरी तव्यावर टाकली, उलटली, निखाऱ्याला लावली. ती टम्म फुगली. मग त्यांनी कडेला चीर देऊन वरचा पापुद्रा उचलला आणि आत लसणाची चटणी, शेठचे टोमॅटो, कांदा आणि तेच डब्यातलं चीज कोंबून पापुद्रा परत दाबून बसवला. शेतावर न्यायच्या भाकरीत चटणी अशीच भरतात. वर ठेवली तर बांधावरून चालताना पडते.

“वरती मांडून माशांना दावायचं कशाला?” त्या म्हणाल्या आणि पहिली भाकरी धर्माला दिली, कारण सकाळपासून तो उपाशी होता.

धर्माने ती उभ्यानेच खाल्ली. चीजची तार त्याच्या मिशीला लागली. हात पुसले, घण उचलला आणि सायकलच्या कॅरिअरला बांधायला लागला.

“अरे, कुठं निघाला?” शेठ ओरडले.

“शेठ, ही चूल मी नाय पाडायचा. दुसरा मानूस बगा. भट्टी पायजे तर पंक्चरच्या बाजूला बांधतो, उद्या येतो.”

मग शेठनी पण एक भाकरी मागितली. खाताना त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. “भावाला लिहितो,” एवढंच म्हणाले. काय लिहिणार ते कळलं नाही.

मामाने दोन खाल्ल्या आणि बोर्डाकडे बघत म्हणाला, “योकोहामात एक म्हातारा अगदी तुझ्यासारखाच चिडून बोलत होता, अमेरिकनांना पिझ्झा कळत नाही म्हणून.” माझं तोंड भरलेलं होतं.

परतीच्या एसटीत तो अखेर बोलला. “तू शेठचा अपमान केलास. त्यांच्या दारात, सगळ्यांसमोर.”

“आणि तू यमुनाबाईंची चूल विझवलीस. एका शब्दात.”

“माझ्या लक्षात आलं नाही गं तेव्हा.”

“आलं होतं. तू चपला बघत होतास.”

कर्जतला त्याने मला दोन वडे घेऊन दिले आणि गाडी सुटेपर्यंत प्लॅटफॉर्मवर उभा राहिला. हात हलवला नाही.

आता घरी येऊन तीन आठवडे झाले. परवा त्याचं पोस्टकार्ड आलं. चूल आहे. भट्टी पंक्चरच्या बाजूला अर्धी बांधून पडलीये. बोर्ड तोच, आणि त्याखाली यमुनाबाईंची भरलेली भाकरी ‘पिझ्झा’ म्हणूनच विकतात. याचा मला भयंकर राग येतो. तो पिझ्झा नाही! ज्याच्यात सगळं आत लपवलंय त्याला पिझ्झा म्हणणं म्हणजे योकोहामाच्याही पुढचं पाप आहे. मला अजूनही ह्यूस्टनचाच हवाय. फक्त त्या कार्डातला फोटो बघताना हल्ली लसूण आठवतो, आणि तो फोटो त्यामुळे जरा फिका दिसतो, हे मी मामाला सांगितलेलं नाही.

पोस्टकार्डाच्या शेवटी त्याने लिहिलंय, “तरी पाहुण्याने असं बोलायचं नसतं.” म्हणून तुम्हालाच विचारते. शेठ हौसेने बघतायत, यमुनाबाई विस्तवावर पाणी मारतायत, आणि तुमच्या तोंडात कच्चं पीठ आहे. त्या खाटेवर तुम्ही असता तर काय म्हणाला असतात?