बकुळच्या प्रोग्रामला थांबायचं ठाऊक नव्हतं

काशीत मुन्शी घाटामागच्या गल्लीत राहणाऱ्या ढुंढिराज भटजींनी मुलीला गणितात एम.एस्सी. करू दिलं, त्यात पुरोगामीपणा वगैरे काही नव्हता. गणिताला प्रयोगशाळा नसते, मुलगी अंधाराआधी घरी येते, एवढंच. बकुळला मात्र गणिताचं वेड लागलं आणि स्थळं बिचकू लागली.

चौऱ्याण्णव साली गोदौलियाला कॉम्प्युटर शिकवणारी एक संस्था निघाली. तिचे वडील, तात्या, स्वतः चौकशीला गेले. जोडे बाहेर काढायचे, आत गारवा, यंत्रावर मखमली झाकण, वर कुंकवाचं बोट. "अगं, देऊळच आहे की!" म्हणत ते खुशीत परतले.

पुजारी मात्र बाईला गाभाऱ्यात घेईना. "बेटी, लड़कियों के लिए टाइपिंग है," संचालक म्हणाले. "प्रोग्रामिंग में मैथ लगता है."

"मैं एम.एस्सी. मैथ हूँ. ये लोग?"

आत यंत्रांसमोर बसलेली ती मुलं बी.कॉम. होती. संचालकांनी दुसरा बाण काढला. "तुम्हारी तो शादी हो जाएगी."

"इनकी नहीं होगी?"

मुलं हसली, संचालक तापले. पण बॅच अर्धी रिकामी होती. बकुळ आत गेली.

तिचा पहिलाच प्रोग्राम पाढे छापण्याचा. प्रिंटर सुरू झाला तो थांबेचना. कागद जमिनीवर वेटोळी घालू लागला. संचालकांनी धावत येऊन वायर उपटली. "यही है आपका मैथ?"

बकुळचे कान लाल झाले. घरी येऊन ती जेवलीसुद्धा नाही. मग एकदम हसत सुटली.

"काय झालं?" तात्यांनी विचारलं.

"तात्या, गणितात तीन टिंबं दिली की पुढचं माणूस समजून घेतो. ते यंत्र काहीच समजून घेत नाही. कुठे थांबायचं तेही आपणच सिद्ध करून द्यायचं!"

"तुझ्या आत्यासारखंच आहे म्हणजे," तात्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाढे जिथे संपायचे तिथे संपले. पुढे संस्थेत प्रोग्रामिंग शिकवणारे मास्तर दिल्लीला पळाले, तेव्हा शिकवायला बकुळशिवाय कोणी उरलं नाही. तिने टाइपिंगच्या मुलींना आधी फळ्यावर तर्कशास्त्र शिकवलं. वीज नसायचीच, त्यामुळे वेळ भरपूर. काहींची लग्नं झाली, काही कंटाळल्या. ऋता नावाची एक मात्र एम.सी.ए.ला लागली.

बकुळलाही पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं. गाडी सुटताना तात्या खिडकीशी वाकले.

"तिकडे कोणी टाइपिंग कर म्हणालं तर?"

"त्याला पाढे छापायला बसवीन."