मिटलेली प्रवाळं

अकोल्याला बदली झाल्यावर मी घरात खाऱ्या पाण्याचा फिशटँक घेतला. दोन मासे, बाकी सगळी प्रवाळं. संध्याकाळी ऑफिसातून आले की ती पाण्यात डुलताना बघत मी जेवायचे. घरात बोलायला दुसरं कोणी नव्हतं.

बाबा गेल्यावर गावचं घर आईला खायला उठायचं. म्हणून उन्हाळ्यात मी तिला दर्यापूरकडून इकडे आणलं. थोड्याच दिवसांत प्रवाळं मिटायला लागली. त्यांच्या अंगावर बुळबुळीत थर धरला. एकाचं मांस बुडापासून सुटून पांढरा सांगाडा उघडा पडला. मी पाण्याचं मीठ तपासलं, तापमान पाहिलं, फिल्टर बदलला. सगळं ठीक होतं.

टँक ज्याच्याकडून घेतला त्या पुण्याच्या दुकानदाराला फोन केला. त्याने विचारलं, "पाणी खेळतंय ना? लाटांचा पंप चालू आहे?"

"चालूच असतो," मी म्हणाले. समोर दिसतच होता.

एकदा ऑफिसात सर्व्हर बंद पडला, म्हणून भरदुपारी घरी आले. आई भिंतीला खुर्ची लावून बसली होती. पंप बंद होता. टँकमधला सगळा गाळ प्रवाळांवर बसला होता.

"पंप काहून बंद केला?"

"रोजच करतो दुपारी. तू यायच्या आंधी लावून देतो."

"पण काहून?"

"थो घरघर करते. मंग बाजूच्या घरातलं बोलनं आयकू येत नाही."

भिंतीपलीकडून एका बाईचा आवाज येत होता. शब्द लागत नव्हते.

"काय बोलते ती?"

"काई समजत नाही. पन कोनी हाये जवळ, असं वाटते."

मी पंप सुरू केला. पाणी थांबलं की प्रवाळांवर घाण बसते, त्यांचा जीव गुदमरतो, हे तिला समजावून सांगितलं. ती टँकजवळ येऊन वाकून बघत राहिली. "मले काय ठाव," ती म्हणाली. "मेले का मंग हे?"

"सगळे नाही."

संध्याकाळी मी तिला शेजारी घेऊन गेले. शेजारीण घरूनच कंपनीचं काम करायची, दिवसभर फोनवर. कानाला हेडफोन लावूनच तिने दार उघडलं, गोड हसली आणि रविवारी या म्हणाली. रविवारी त्यांच्या दाराला कुलूप होतं.

मी कमी आवाजाचा पंप मागवला. पण तो यायच्या आत आईने पिशवी भरली. पेरणीचं निमित्त होतं. मी थांब म्हटलं, पण फार जोर लावला नाही. आपल्यामुळे माझं नुकसान झालं, हे तिच्या मनातून गेलं नव्हतं.

पुढे प्रवाळं हळूहळू उघडली. ज्याचा सांगाडा दिसत होता, ते मात्र गेलं. मी ते काढून टाकलं आणि फोनवर आईला फक्त बाकीच्यांचं सांगितलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "इकडं पेरन्या झाल्या."

त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही. फोन मात्र कोणीच ठेवला नाही.