बोटींची पट्टी

तोंडवलीत कोणालाही विचारा, सुगंधाची वर्षाली काय काम करते, तर उत्तर ठरलेलं: "सड्यावर बसान आकाश आयकता!" आणि वर हसतील मेले. एम.एस्सी. झालेली मुलगी, मुंबईला गेली असती तर कौतुक केलं असतं. गावात राहून नोकरी करते म्हटल्यावर हिची किंमत शून्य. गाव तिथे गावकी, दुसरं काय.

काम मात्र खरंच तसंच. गावामागच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर, एका संशोधन संस्थेने लोखंडी अँटेना मांडल्यात, छत्रीच्या काड्या उलट्या रोवाव्यात तशा. सगळ्या मिळून आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकतात. एकच लहर या अँटेनाला आधी पोचते, त्या अँटेनाला जरा उशिरा. त्या फरकावरून ती कुठून आली ते कळतं. पण आधी यंत्राचा काटा जुळवावा लागतो, त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. आणि त्याच्याही आधी वर्षालीचं काम. आलेला डेटा पडद्यावर पसरायचा, डोळ्यांत तेल घालून बघायचा, कुठली अँटेना बिघडली, कुठे विजेचा खरखराट शिरला, ते हुडकून तेवढा भाग बाद करायचा. बाद म्हणजे पुसायचा नाही, खूण करून झाकायचा. तिच्या आईला, सुगंधाला, हे बरोब्बर समजलं होतं. जन्मभर मासळी विकलेली बाई ती. बांगडे खारवण्याआधी निवडावेच लागतात, एक कुसका राहिला तर अख्खं पिंप नासतं, हे तिला कोणी शिकवायला नको.

या डेटातली सगळ्यात मोठी कटकट म्हणजे बोटींचे वायरलेस. दर्यावरची माणसं बोलायला लागली की पडद्यावर एका ठरावीक पट्टीत पांढऱ्या रेघा उमटत. शब्द कळत नसत, कोणीतरी बटण दाबलं एवढंच कळे. त्यातही वर्षालीचा थोरला भाऊ मितेश लगेच ओळखू येई. बोलण्याआधी तीनदा बटण टिचकवायची त्याला खोड होती, दारावर टकटक करावी तशी. पडद्यावर तीन बारीक टिंबं आणि पुढे लांब रेघ दिसली की समजावं, आला आमचा दादा.

"दादा, तुमची बडबड कापान कापान माझे डोळे गेले!" ती म्हणायची.

"काप गो काप," मितेश हसायचा. "पण ती टकटक कापू नको हां. ती तुका राम राम आसा."

एकदा संस्थेतून दत्तप्रसाद सरांचा फोन आला, बोटींचा कचरा डेटात राहतोय म्हणून. सर बिचारे ओरडले नाहीत, पण वर्षालीला लागलं. तिने प्रोग्रामातच सोय करून टाकली. बोटींची ती पट्टी चित्र पडद्यावर येण्याआधीच आपोआप झाकली जाईल, बघायलाही नको. काम निम्म्यावर आलं. पोरगी खूश झाली.

दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. मितेशचा जोडीदार तापाने आडवा, म्हणून मितेश फायबरची बोट घेऊन एकटाच निघाला. सकाळी तो जाळं खांद्यावर टाकत असताना वर्षाली बोलून गेली, "दादा, आज खंय…" आणि सुगंधाने असे डोळे वटारले की पुढचा शब्द पोरीच्या घशातच राहिला. दर्यात जाणाऱ्याला 'खंय', म्हणजे कुठे चाललास, म्हणून विचारू नये. विचारलं की अपशकुन. पिढ्यान्पिढ्या आमच्याकडे कोणी विचारलेलं नाही. मितेश दोघींकडे बघून हसला आणि गेला.

दुपारनंतर वारा फिरला. वर्षाली सड्यावरच्या खोलीत अडकली, मोबाइलची रेंज गेली. दादा रोज उन्हं कलायच्या आत परततो, आजही आला असणार, असं धरून ती पडद्यासमोर बसून राहिली. बाहेर वारा पत्रे उचकटत होता आणि पडद्यावरचं चित्र एकदम स्वच्छ. इतकं कोरं चित्र तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने शेरा मारला, 'डेटा उत्तम', आणि तिला त्याचा अभिमानही वाटला.

मितेश आला नाही. दुसऱ्या दिवशी वारा पडल्यावर गावच्या बोटी निघाल्या, सरकारी गस्तीची बोट निघाली. तो गेला कुठे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. नेहमी निवतीच्या बाजूला जायचा, म्हणून सगळे दक्षिणेला शोधत राहिले. हाती काही लागलं नाही. शेवटी जाणते म्हणाले, पहिल्याच वाऱ्यात बोट उलटली असणार. एका झटक्यात.

त्या 'एका झटक्यात'वर सुगंधा जगली. बाजारात गिऱ्हाइकाला, देवळात गुरवाला, बस थांब्यावर अनोळखी माणसाला ती विचारायची, "एका झटक्यात गेलो असतलो मां? त्याका तरास नाय झालो मां?" समोरचा मान हलवायचा. कोणाची छाती होती नाही म्हणायची? मग ही पदराने तोंड पुसून पुन्हा पाटी उचलायची. वर्षालीला मात्र ती रोज संध्याकाळी विचारायची. पोरगी शिकलेली, तिचं 'व्हय' जास्त वजनाचं.

पुढचा पावसाळा सरत आला तेव्हा दत्तप्रसाद सरांनी तो वादळाचा डेटा पुन्हा तपासायला सांगितला. त्यावरून काढलेलं आकाशाचं चित्र मळकट येतंय म्हणाले; झाकलेल्या पट्टीतलं काहीतरी शेजारी झिरपतंय, जरा उघडून बघ. भर दुपारी वर्षालीने पट्टीवरचं झाकण काढलं.

तीन टिंबं आणि एक लांब रेघ.

पुन्हा तीन टिंबं, पुन्हा रेघ. ती चित्र पुढे सरकवत गेली. संध्याकाळ सरली, रात्र झाली, टिंबं थांबेनात. बंदरातल्या बोटींचे वायरलेस बंद होते, मितेशचा क्षीण आवाज किनाऱ्यावर कोणाला पोचला नाही. उंच सड्यावरच्या या अँटेनांना तेवढा पोचला. पहाटेकडे रेघा आखूड झाल्या, मग नुसती टिंबं राहिली. शेवटी दोनच. तिसरं आलं नाही.

तिने दिशा काढली. यंत्राचा काटा त्या वेळी किती चुकत होता तो जमेस धरून पुन्हा काढली. निवती नव्हेच. उत्तरेला, आचऱ्याच्या पुढे, देवगडच्या अंगाला. आणि रात्रभर दिशा जागची हलली नव्हती. म्हणजे नांगर टाकून तो एकाच जागी उभा होता, कोणीतरी येईल म्हणून. आणि त्याची बहीण सड्यावर बसून 'डेटा उत्तम' लिहीत होती. वर्षाली टेबलावर डोकं आपटून रडली. कोणी ऐकायला नव्हतं ते बरंच झालं.

घरी जाताना पायवाटेवर तिला त्या सकाळचे आईचे वटारलेले डोळे आठवले. उत्तरेला होता असं सांगितलं तर आई काय ऐकेल? हेच, की तो एक प्रश्न विचारू दिला असता तर बोटी उत्तरेला गेल्या असत्या. तो प्रश्न सुगंधानेच अडवला होता. आपल्या चुकीचा डोंगर आपल्या डोक्यावर पुरे, म्हातारीच्या कशाला द्या? नळावर तोंड धुऊन, ओल्या रुमालाने डोळे दाबून ती घरात शिरली.

सुगंधा ओट्यावर तारले मासे साफ करत बसली होती. वर न बघता तिने रोजचं विचारलं, "एका झटक्यात गेलो मां गो?"

"व्हय आये. एका झटक्यात. त्याका कळाकसुद्धा नाय."

सुगंधाचा कोयता थांबला. तिने मान वर करून लेकीच्या सुजलेल्या, पुन्हा भरून आलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"मगे तू रडतंस कित्याक?"

सुगंधाने कोयता खाली ठेवला, हात धुतले आणि आत जाऊन ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. त्यानंतर तो प्रश्न तिने कोणालाच विचारला नाही.