झाकलेलं भांडण

झाकणकाकूंच्या घरात प्रत्येक डब्याला घट्ट झाकण होतं. तोंडाला तेवढं बसवायचं राहून गेलं होतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्या भायखळ्याहून गोडदेवला, आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहायला आल्या आणि तिसऱ्याच दिवशी त्यांनी सेक्रेटरींना जिन्यात गाठलं. "बिल्डिंगचं नाव गंगासागर ठेवलंय, आणि नळाला फक्त हवा येतेय!" सेक्रेटरी त्यानंतर गच्चीवरून ये-जा करता येईल का, याचा विचार करू लागले असावेत.

काकू बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्याच ज्यू. होळी झाली की त्यांच्या पेसाखची तयारी सुरू व्हायची. "आमचे जुने लोक ह्याला अनाशी ढाकायचा सण म्हणायचे," त्या सांगत. "अनाशी म्हणजे आंबटाची बरणी. आठ दिवस ती झाकायची. आंबलेलं, फुगलेलं घरात काय ठेवायचं नाय." मग गाद्या झटकल्या जात, कपाटं सरकत, भांडी कल्हईला जात. "भांड्यांचं सोडा, माणसाने वर्षातून एकदा आतून कल्हई करून घ्यावी," असं म्हणून त्या नुकतंच प्रमोशन मिळालेल्या माझ्या वडिलांकडे बघत. "तुमच्याकडे ह्या वर्षी कोण फुगलंय?"

घरातलं सगळं खमिराचं परक्याच्या हवाली करायचं असे. परके अर्थातच आम्ही. केबिन रोडवरून आणलेले पाव, खारी, टोस्ट आणि ती चिनीमातीची बरणी घेऊन त्या दारात उभ्या राहत. "वहिनी, आठ दिवस हे तुमचं. खरोखर तुमचं, नायतर देवाला फसवल्यासारखं होतं." देवाला फसवायला नको म्हणून आई तिसऱ्या दिवसापर्यंत खारी संपवून टाकी. बरणीला मात्र ती हात लावत नसे.

आमच्या बिल्डिंगीत पाणी सकाळी वीस मिनिटं यायचं. आमच्या मोरीत नळाला एक छोटी मोटर जोडलेली होती, ती शेजाऱ्यांचंही पाणी आमच्या पिंपात आणून सोडी. तिची घरघर आई मिक्सर म्हणून खपवायची. एका जानेवारीत काकू रिकामी बादली घेऊन जिन्यात उभ्या राहिल्या आणि चार माणसांसमोर म्हणाल्या, "वहिनी, रोज सकाळी एवढी चटणी खातं कोण?"

चोरी पकडली गेल्यावर अब्रूदार माणसं जे करतात, तेच आईने केलं. ती भयंकर दुखावली. बोलणं बंद झालं.

होळी आली. काकू या वर्षी पाव आणि बरणी कोणाकडे देणार? "मला काय पडलंय," म्हणत आईने स्वयंपाकघरातलं त्यांचं सामान ठेवायचं फडताळ पुसून रिकामं केलं आणि आठवडाभर ती दुपारची झोपली नाही. शेवटी बेल वाजली.

"भांडण संपलेलं नाय हां," काकू म्हणाल्या. "पण तेही आता आंबलंय, घरात ठेवता येत नाय. ह्या बरणीत घातलंय. आठ दिवस झाकलेलं असू दे."

ते आठ दिवस दोघी भाताबरोबर कालवणं वाटून खात होत्या. नवव्या दिवशी काकू आल्या, झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "हां. तर चटणी कोण खातं?" की पुन्हा अबोला! पुढची सात वर्षं हे असंच चाललं. इतकं शिस्तीतलं भांडण आमच्या भागात दुसरं नव्हतं.

मग काकूंच्या मुलाने त्यांना कायमचं इस्रायलला बोलावून घेतलं. विमान सणाच्या चार दिवस आधीचं होतं. "दर वर्षी घर रिकामं करतेच, ह्या वर्षी जरा जास्त झालं," असं म्हणत त्या फक्त बरणी घेऊन आल्या. आईचे डोळे भरले होते. "वहिनी, ती मोटर..."

काकूंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. "आता नाय. झाकलंय ना? मी आले की उघडू."

त्या गेल्या. आईने त्याच दिवशी वडिलांना मोटर काढायला लावली. तोवर पाणी बरं येऊ लागलं होतं, त्यामुळे त्याग फारसा जड गेला नाही. बरणी मात्र फडताळातच राहिली. काकू काही परत आल्या नाहीत. होळी झाली की आई ती खाली काढून बाहेरून पुसते आणि परत ठेवते.

एकदा मी धुवायला म्हणून झाकणाला हात घातला, तर ती माझ्या अंगावर ओरडली.

"उघडू नकोस! आमचं भांडण व्हायचंय अजून."