आगीचा काही दोष नाही

धर्माबादला गाद्या भरणारे एक चाचा आहेत. कापूस पिंजताना ते मान वर न करता बोलत राहतात. परवा मला म्हणाले, “सर, आग कापसाला जाळत न्हाई. दोघं जवळ आले की जाळणारा अल्ला. आग नुसतं निमित्त. त्याची मर्जी नसली तर जळणारच न्हाई.”

मला ते पटत आलं होतं. तेवढ्यात लेकीच्या लग्नाच्या गाद्या न्यायला आलेल्या आणि हे सगळं ऐकत बसलेल्या पाटलांनी कापसाच्या ढिगाशेजारी बिडी पेटवली. चाचांनी झेप घेऊन पाण्याची अख्खी कळशी त्यांच्या डोक्यावर ओतली.

निथळत पाटील म्हणाले, “आत्ताच म्हणत होता ना, आग जाळत न्हाई म्हणून?”

“न्हाईच जाळत,” स्वतःचा टॉवेल त्यांना देत चाचा म्हणाले. “अन् तुमाला बी मी न्हाई भिजवलं.”