मास्तरांचा राणी रंग

बमरोलीच्या आमच्या चाळीत शेजारच्या खोलीतले गृहस्थ मिलमध्ये डाइंग मास्तर आहेत. सध्या कोणत्या रंगाच्या साड्या निघतायत, ते चाळीला त्यांच्या नखांवरून कळतं. मी तापाने पडलो तेव्हा उशाशी बसून त्यांनी निदान केलं, "दोन शेड उतरले भो तुम्ही."

त्यांच्या कोंबडीची पिल्लं अंगणात फिरायची आणि घार रोज एखादं उचलायची. एका रविवारी मास्तरांनी उरलेली पाचही पिल्लं मिलच्या राणी रंगात बुडवून काढली. "असं भडक, कधी न पाहिलेलं दिसलं का जनावर बिचकतं," ते म्हणाले.

घार खरंच बिचकली. खाली यायची, पिल्लांवरून एक फेरी मारायची आणि निघून जायची. कोंबडीही बिचकली आणि स्वतःच्याच पिल्लांना टोचायला लागली. मास्तर मात्र आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला घारीचाच स्वभाव समजावत राहिले.

ते मला समजावत असतानाच घारीने झडप घातली. पिल्लू घेऊन ती पाण्याच्या टाकीवर बसली आणि निवांत खाऊन पुन्हा घिरट्या घालू लागली. आता तिची भीड चेपली होती.

"मास्तर, बाकीची आत घ्या आधी," मी म्हणालो.

मास्तर वाकले. अंगणात पडलेलं पिल्लाचं पीस त्यांनी उचललं, त्याला थुंकी लावली, पांढऱ्या रुमालावर खसाखसा घासलं आणि रुमाल माझ्यापुढे धरला. त्यांच्या पाठीमागे घार दुसरं पिल्लू उचलत होती.

"पाहा भो," ते म्हणाले, "रंग जरासुद्धा सुटला नाही."