रॉचेस्टरच्या भिंतीपुढे मराठी

गाडीने मेडवे नदी ओलांडली आणि रॉचेस्टरचा किल्ला दिसला. त्याला लागूनच कॅथीड्रल (बिशपचे मुख्य चर्च). वंदनाताईंनी धपाट्यांचा डबा बंद केला. त्या मूळच्या नागपूरच्या, निवृत्त परिचारिका, राहतात स्टॅनमोरला. एका रोमन मंत्र्याचा ग्रंथ त्यांनी मराठीत आणला आहे. त्यातला उतारा त्या आज प्रथमच लोकांपुढे वाचणार होत्या. हॅरोच्या मराठी मंडळासोबत मीही निघालो होतो.

रोमचे साम्राज्य कोसळल्यावर हा मंत्री इटलीतल्या गॉथ राजाच्या दरबारात सर्वोच्च पदाला पोहोचला. मग राजद्रोहाचा आरोप, कोठडी आणि देहदंड. कोठडीत त्याने ग्रंथ लिहिला. त्यात तत्त्वविद्या स्त्रीरूपाने येऊन त्याची समजूत घालते. माणसाला वर चढवून खाली पाडणारे दैवाचे फिरते चाक या ग्रंथामुळे युरोपभर पोहोचले. या कॅथीड्रलच्या भिंतीवर मध्ययुगात ते कुणीतरी रंगवले. आज अर्धेच उरले आहे. चढणारी माणसे दिसतात, पडणारी पुसली गेली.

त्या भिंतीपुढे कार्यक्रमाची परवानगी अर्ध्या तासाची होती. त्यानंतर इव्हनसाँग (गायनासह सायंप्रार्थना). मंडळाचे अध्यक्ष देशपांडे यांनी प्रास्ताविक केले. मग परिचय, मग आभार. मग पिशवीतून शाल-श्रीफळ निघाले.

“अहो, नारळ गाडीतच द्यायचा ना!” मागून कुणीतरी म्हणाले.

कॅथीड्रलची बिल्ला लावलेली स्वयंसेविका पुढे आली. “सॉरी, पाचच मिनिटं उरलीत.”

“देशपांडे, शाल राहू द्या,” वंदनाताई म्हणाल्या. “अख्खी रिटायरमेंट घातलीय मी यात. इथे नाही वाचलं तर मंडळाच्या हळदीकुंकवात वाचू का?”

“ताई, पण प्रोटोकॉल...”

“वॉर्डमध्ये मी सर्जनना गप्प केलंय. बसा बघू.”

देशपांडे नारळ मांडीवर घेऊन बसले.

वंदनाताई वाचू लागल्या. चाकावर आपखुशीने चढलास, आता उतरताना तक्रार कसली, असे दैव कैद्याला विचारते, तो भाग. आवाज वॉर्डातला, स्वच्छ. पाच मिनिटे उलटली. गायकवृंद झग्यांत दाराशी आला. स्वयंसेविकेने हात वर करून त्यांना थांबवले आणि स्वतःही ऐकत उभी राहिली. शेवटचे वाक्य संपले तेव्हा पहिली टाळी दारातून आली. मग दगडी छत दणाणले.

“आता?” देशपांड्यांनी शाल उघडत विचारले.

“आता घाला,” ताई हसल्या.

परतीच्या गाडीत त्या खिडकीशी शांत झोपल्या. देहदंड देणाऱ्या राजाची गॉथिक भाषा आज कुणी बोलत नाही. त्याच्या कैद्याचे म्हणणे त्या दिवशी मराठीत ऐकले गेले, शेवटच्या वाक्यापर्यंत.